मिताहार की वर्ज्याहार?



अलीकडे घरोघरी वर्ज्य पदार्थांच्या याद्या लांबत चालल्या आहेत. कुणी तूप सोडतो, कुणी भात, तर कुणी गहू. ताटातला एखादा पदार्थ शत्रू ठरवला की आरोग्य हाती लागते, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. आपल्या पूर्वसूरींनी मात्र या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने केला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ५व्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. किती खावे, हा तेथील पहिला प्रश्न; आणि त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या जठराग्नीच्या बळावर अवलंबून आहे. सहाही रसांचे सेवन बलदायक, तर एकाच रसाची सवय दुर्बल करणारी, असा निर्वाळा हाच ग्रंथ देतो. अपथ्याची सवय जडली असेल तर ती एकदम न तोडता चतुर्थांशाने कमी करत न्यावी, असेही तो सुचवतो. गीतेच्या ६व्या अध्यायात तर अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, असे दोघेही योगाला अपात्र ठरले आहेत.

हा विचार ग्रंथांतच राहिला नाही. मराठी पंक्तीतील पान पाहावे. भाजी उजवीकडे, चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे. लोणचे वर्ज्य नाही, परंतु ते भाजीसारखे वाढून कुणी घेत नाही. अक्षरओळख होण्यापूर्वीच मुलाला मात्रेचा संस्कार पानावर मिळतो.

मग त्यागाला स्थानच नाही काय? अवश्य आहे. सिलिअॅक विकार जडलेल्यास गव्हाचा अंशही अपायकारक असतो. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असणाऱ्याच्या तर जिवावर बेतू शकते. अशा पाहुण्याला ‘थोडेसे घेतल्याने काय होते?’ असा आग्रह करणे हे आतिथ्य नव्हे, अविवेक आहे. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतून पोटात जाणाऱ्या ट्रान्स फॅटवर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, तीही योग्यच. मात्र वरणभातावरचा चमचाभर साजूक तूप त्याच यादीत घालणे अन्यायाचे होईल.

उलट, केवळ वर्ज्यावर भिस्त ठेवली की काय घडते, हे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण सांगते. धान्य कटाक्षाने टाळले जाते; पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर यांनी ताट ओसंडते. नियम पाळला जातो, संयम मात्र हरवतो. व्रताचा हेतू दुसऱ्या गोष्टीत होता.

तेव्हा पथ्य वैद्याने सांगावे, व्रत तिथीने ठरावे. रोजच्या जेवणात मात्र ‘पुरे’ म्हणण्याचा विवेक ज्याचा त्यानेच जागवायचा आहे. तो जागा असेल, तर ताटातील अन्नाचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही. पुढील पिढीला याद्या देण्यापेक्षा हा विवेक द्यावा, हेच श्रेयस्कर.