धुराचा खर्च कोणाच्या खाती?



धूर गाळणारी यंत्रे बसविली की माल महाग होतो आणि परदेशी बाजार हातचा जातो, असा समज आपल्याकडे फार दिवस रुजलेला आहे. आज या समजाचा जमाखर्च आपणांस मांडून पाहावयाचा आहे.

पहिली बाब मजुराची. कॅलिफोर्नियात द्राक्षे आणि ब्लूबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या रोजच्या कामाच्या नोंदी दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. हवेतील ओझोन वायू अब्ज भागांत १० भागांनी घटला, की मजुराचे काम ५.५ टक्क्यांनी वाढते, असे त्यांस आढळले. हात तेच, बाग तीच. फरक काय तो हवेचा. आपल्या नाशिकची द्राक्षेही युरोपात जातात, आणि तीही मजुरांच्या हातांनीच तोडली जातात!

दुसरी बाब वेशीवरच्या जकातीची. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल बनविताना किती कर्बवायू हवेत सोडला, याचा हिशेब युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांकडे मागितला. १ जानेवारी २०२६ पासून त्यावर आकार लागू झाला. कर्बवायू डोळ्यांना झोंबत नाही हे खरे. पण कोळशाच्या ज्या भट्टीतून काजळी निघते, तिच्यातूनच तोही निघतो. आपल्याकडे एक टन पोलादामागे तो सुमारे २.५ टन निघतो. हे प्रमाण जगाच्या सरासरीहून अधिक आहे.

यात अन्याय नाही काय, असे आपण विचाराल. आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्याने हजारो माणसे दगावली, आणि स्वच्छ हवेचा कायदा तेथे १९५६ साली झाला. कोळसा जाळूनच ते देश श्रीमंत झाले. आपल्या सरकारनेही या आकारास हरकत घेतलेली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याने आधी घर काळे केले म्हणून आपल्या घरातील लेकरांचा खोकला थांबत नाही. तक्रारही करावी आणि भट्टीही सुधारावी.

खतावणीत लिहिला नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. आजवर तो मजुराच्या छातीत जमा होत होता. आता तो परदेशच्या बंदरावरही आकारला जाऊ लागला आहे. बंदरावरचा आकडा आपणांस लगेच दिसला. छातीतला मात्र इतकी वर्षे दिसला नाही, याची खंत आपण बाळगावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.