हजार नावांची यादी

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बौद्धिक दिव्यांग व अपस्मारग्रस्त व्यक्तींसाठी काम करणाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



प्रास्ताविकात वेळ घालवत नाही, कारण तुमच्यातल्या कित्येकांना शेवटची एसटी गाठायची आहे.

आधी एक हिशोब मांडते. २०११च्या जनगणनेप्रमाणे शहापूर आणि मुरबाड मिळून लोकसंख्या सुमारे पाच लाख. मुंबईच्या पारशी समाजाची अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अपस्माराचं प्रमाण हजारी ४.७ निघालं. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांच्या चमूने खेडोपाडी फिरून मोजणी केली, तिथेही ते साडेचारच्या थोडंसं वरच होतं. शहर असो की खेडं, हजारी पाच धरायला हरकत नाही. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत अडीच हजारांच्या घरात माणसं. बौद्धिक दिव्यांगत्व शंभरात एकाला धरलं, तर पाच हजार. आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी साधारण पाचातल्या एकाला फिट येतात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. दोन्ही एकत्र असलेली अशी हजार माणसं झाली.

हा अंदाज आहे. मला यादी हवी आहे. नाव, पाडा, चालू गोळ्या, शेवटची फिट कधी आली, घरी सांभाळणारं कोण, आणि दिवाळीनंतर हे घर कुठे जातं. संशोधन म्हणून आपल्याला पुढे जे काही करायचं आहे, ते या यादीवाचून उभं राहणार नाही, हे मला आज ठामपणे सांगायचं आहे.

यादीचा एवढा आग्रह का? आपल्या व्यवस्थेत या माणसांचे दोन तुकडे झाले आहेत म्हणून. फिट एका खात्याकडे, बुद्धी दुसऱ्या खात्याकडे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व आहे, अपस्माराचं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या रांगेत मुलाचा बुद्ध्यांक काढला जातो, पण फिटचं कुणी विचारत नाही. औषधाच्या रांगेत फिटचं विचारतात, पण मुलगा बोलत का नाही, हल्ली त्याचा तोल का जातो, याची नोंद होत नाही. फिट येते म्हणून विशेष शाळेने प्रवेश नाकारला, असं सांगणारे पालक मला भेटले आहेत. मग त्या लेकराने जायचं कुठे?

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत बौद्धिक दिव्यांगांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण आहे आणि बाह्यरुग्ण उपचार, औषधं हेही त्यात धरलेलं आहे. हा खरोखर मोठा आधार आहे आणि विशेष शाळांनी प्रत्येक पालकाकडून तो अर्ज भरून घेतला पाहिजे. पण पैसे आधी खिशातून घालायचे, बिलं जपून ठेवायची आणि मग परताव्याची वाट बघायची, हे रोजंदारीवरच्या घराला कसं झेपणार? तेव्हा सरकारी केंद्रातली फुकटची गोळी हीच त्यांची खरी गोळी.

आता त्या गोळीबद्दल. मुरबाडकडच्या एका पाड्यावर एक आई मला भेटली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मुलाला फिट आली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिकली चिकटवते. दिवसाची असेल तर लाल, रात्रीची असेल तर काळी. वर्षाचं कॅलेंडर तिने गुंडाळून आणलं होतं. ते आम्ही टेबलावर पसरलं. पहिल्या तीन आठवड्यांत टिकल्या विरळ आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीला दाटी. "शेवटी शेवटी अर्धी अर्धी देते," ती म्हणाली, "पुरवायला पायजे ना." महिन्याच्या गोळ्या मिळत होत्या, पण पुढच्या महिन्याच्या तारखेला तिला येता येईलच असं नव्हतं. ते कॅलेंडर हा माझ्या मते उत्तम दर्जाचा संशोधनाचा कागद आहे. डोस कमी पडतो म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी कागदावर दुसरं औषध वाढवतो, आणि कमी पडत असतो तो गोळ्यांचा साठा.

महिनाअखेरचा हा खड्डा लहानच म्हणायचा. मोठा खड्डा दिवाळीनंतर पडतो. उचल घेतलेली कातकरी, ठाकूर कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गोळ्या महिन्याच्या, भट्टी सहा महिन्यांची. फिटचं औषध एकाएकी बंद पडलं की आजार पहिल्यापेक्षा जोराने उसळतो. फिटवर फिट येते, मधे शुद्ध येत नाही, आणि तासाभरात जीवावर बेततं. शेजारी आग, मातीसाठी खणलेले पाण्याचे खड्डे, विटांच्या गाड्या. तिथल्या दवाखान्यात नेलं तर जुना कागद नसतो, मग दुसरंच औषध पहिल्यापासून सुरू होतं. जूनमध्ये हे कुटुंब पाड्यावर परत आलं की आपल्या नोंदवहीत शेरा पडतो, 'रुग्ण अनियमित'. अनियमित रुग्ण नाही, गोळ्यांचा पुरवठा आहे. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. इथलं पाणी रोज न चुकता मुंबईला पोचतं, त्यात एक दिवस खंड पडला तर बातमी होते. तेवढी निष्ठा गोळीच्या वाट्याला येऊ द्या, एवढंच माझं मागणं आहे.

स्वस्त गोळी नियमित मिळाली तर फिट आटोक्यात येऊ शकतात, हे येळंदूरमध्ये दिसलं आहे. फिनोबार्बिटोन आणि फिनिटॉइन या जुन्या, कमी किमतीच्या औषधांवर खेड्यातल्या रुग्णांना पाच वर्षं ठेवून डॉ. मणींनी पाठपुरावा केला. ते काम २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की नीट निदान आणि उपचार झाले तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या साथीने ग्रामीण महाराष्ट्रात शिबिरं घेतली, मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ आणि ईईजीचं यंत्र खेड्यातल्या माणसापर्यंत नेलं, हे फार मोलाचं आहे. पण शिबिरात गोळी सुरू होते. ती चालू ठेवायची असते पाड्यावर.

मात्र बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत इतरांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत. नव्या औषधांच्या चाचण्यांतून या व्यक्तींना बऱ्याचदा वगळलेलं असतं, कारण संमती कशी घ्यायची आणि त्रास कसा विचारायचा, हे अवघड वाटतं. फिनोबार्बिटोनने काही मुलं चिडचिडी होतात, एका जागी बसत नाहीत. ज्याला बोलता येतं तो सांगेल. ज्याला येत नाही त्याला 'हट्टी' म्हणतात.

एका तरुणाचं सांगते. विशीतला, बोलत नाही, वर्षानुवर्षं फिनिटॉइनवर. अचानक स्वतःच्या गालावर थपडा मारून घ्यायला लागला, जेवण टाकलं. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडे नेलं. दवाखान्यात शांत करण्याची गोळी मिळाली, तो दिवसभर झोपून राहायला लागला. शेवटी पाड्यावरच्या आशाताईने, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीने, त्याच्या आईला मोबाइलची बॅटरी धरायला लावली आणि त्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या आणि मागची दाढ किडून पोकळ झालेली. फिनिटॉइनने हिरड्या वाढतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. दाढ काढली, औषध हळूहळू बदललं, थपडा थांबल्या. म्हणून माझी विनंती आहे, की आपल्या पाहणीत नुसत्या फिट मोजू नका. दात बघा, पोट साफ होतं का विचारा, हाडांचं बघा, झोप बघा. वागणं बदललं की आधी दुखणं शोधा.

भगताबद्दल इथे काही जण रागाने बोलले. मला राग परवडत नाही. भगत पाड्यावर आहे, तो आधार कार्ड मागत नाही आणि आईचं सगळं बोलणं ऐकून घेतो. त्याच्याशी बोला. अंगारा लाव, पण गोळी थांबवू नकोस, एवढं तो म्हणाला तरी पुष्कळ झालं. आणि फिट आली की नाकाशी कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा हे सोडून द्या. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करा.

कवडासचं नाव या सभागृहात घेतलंच पाहिजे. याच शहापूर तालुक्यातल्या त्या गावच्या मतिमंद मुलांच्या बालगृहातल्या उपासमारीच्या आणि अत्याचाराच्या बातम्या २०१० साली आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि राज्यातल्या अशा बालगृहांची तपासणी सुरू झाली. मला त्यातून आपल्या कामासाठी एक गोष्ट घ्यायची आहे. बोलू न शकणाऱ्या, फिट येणाऱ्या मुलाच्या अंगावरच्या कुठल्याही वळाला 'फिट आली, पडला' हे उत्तर तयार असतं. तसंच मृत्यूचं. विहिरीत सापडला, 'फिट आली असेल'. सकाळी उठला नाही, 'फिटमध्ये गेला'. झोपेत अचानक मृत्यू येणं अपस्मारात घडतं, विशेषतः फिट आटोक्यात नसतात तेव्हा. पण म्हणून विचारायचंच नाही? शेवटच्या महिन्यात गोळ्या होत्या का, रात्री जवळ कोण झोपत होतं, अंगावर खुणा होत्या का? यादीतलं प्रत्येक नाव कमी होताना त्याचं कारण घरी बसून, घरच्यांशी बोलून लिहिलं गेलं पाहिजे.

आणि ज्यांची यादी करायची त्यांना विचारूनच. पालकांची सही पुरेशी मानू नका. चित्रं दाखवून, त्यांच्या बोलीत, दोनदा विचारून ज्याला 'नाही' म्हणायचं असेल त्याला ते म्हणू द्या. जे सापडेल ते आधी पाड्यावर सांगा, मग नियतकालिकात छापा.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा वाचला जाईल. 'दिवाळीनंतर कुठे' हा रकाना त्यातून कुणी काढू नये. भट्टीवर निघणाऱ्या घराला किमान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि पुढच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी द्यावी, अशी मागणी मी त्यात घातली आहे. गोळ्या जास्त दिल्या तर वाया जातील, अशी हरकत येईल. तिला उत्तर म्हणून त्या टिकल्यांच्या कॅलेंडरची छायाचित्रं, आईच्या परवानगीने, मसुद्याला जोडली आहेत. यादीचं काम आशाताईंवरच येणार, तर त्याचा वेगळा मोबदला ठरावातच लिहिला जावा. फुकटच्या कामात हे काम ढकलायला माझा विरोध आहे. ज्यांना दुरुस्त्या सुचवायच्या आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लेखी द्याव्यात. पालकांनी तोंडी सांगितल्या तरी चालतील, लिहून घ्यायला आमची माणसं बसलेली आहेत.