तबकड्यांची प्रकृति



गणित आणि मराठी हे दोन विषय मीं चौतीस वर्षें खेड्यांतील मुलांना शिकविले. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. तेव्हां संगणकाच्या पोटांतील तबकड्यांविषयीं मीं बोलावें, हें कित्येकांस साहस वाटेल. मलाही तें तसेंच वाटतें. परंतु ज्या चुकीची किंमत आपण स्वतः मोजली, तिच्याविषयीं बोलण्यास पदवी लागत नाहीं.

आमच्या परभणी जिल्ह्यांत गोदेच्या कांठीं गंगाखेड हें जनाबाईचें गांव आहे. ह्या भागांतील म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीं जात्यावरच्या ओव्या अजून आहेत. पिठाची गिरणी गांवोगांव पोंचली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. ओव्या मात्र ओठांवर राहिल्या. आम्हीं चार-पांच निवृत्त मास्तरांनीं खेडोपाडीं हिंडून त्या ध्वनिमुद्रित केल्या आणि तालुक्याच्या एका वाचनालयांतील संगणकावर ठेवल्या. तो संगणक दिवसरात्र चालू असे आणि वाचनालयांतील इतर संगणक त्याच्याकडून हवें तें मागून घेत. अशा यंत्रास सर्व्हर म्हणतात.

तेथील एका होतकरू विद्यार्थ्यानें त्यांत एकाऐवजी दोन तबकड्या बसविल्या. जें एकीवर लिहावें, तें दुसरीवरही उमटावें. एक मोडली तरी दुसरीवर काम अखंड चालावें. ह्या योजनेस रेड म्हणतात. १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांच्या निबंधानें हें नांव रूढ झालें. एका महागड्या तबकडीपेक्षां स्वस्त तबकड्यांचा समूह बरा, मात्र त्यांतील एखादी दगावली तरी निभावेल अशी तजवीज हवी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्यासाठीं वेगळें यंत्रही मिळतें. पण लिनक्ससारखी प्रणाली हें काम स्वतःच्या आज्ञावलीनें करते आणि निराळा खर्च पडत नाहीं.

तबकड्या अधिक असल्या, तर दुसरी एक युक्ति आहे. तीन पाट्यांवर ७, ५ आणि ९ लिहा, व चौथीवर त्यांची बेरीज २१. आतां कोणतीही एक पाटी फोडा. उरलेल्या तिन्हींवरून फुटलेला आंकडा चौथीचा मुलगाही सांगेल. यंत्राची बेरीज थोड्या निराळ्या जातीची असते, तत्त्व हेंच. दोन पाट्या फुटल्या, तर मात्र बेरीज कांहीं सांगत नाहीं.

आतां आमचें काय झालें तें सांगतों. पहिली तबकडी मरते तेव्हां कांहींच घडत नाहीं. दिवा विझत नाहीं, ओव्या पूर्वींप्रमाणेंच ऐकूं येतात. ज्या गुणासाठीं आपण दोन तबकड्या घेतल्या, तोच गुण एकीचें मरण झांकून ठेवतो. आमची पहिली तबकडी २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास गेली आणि २०२२ च्या वैशाखांत, ऐन उन्हांत व विजेच्या लपंडावांत, दुसरी गेली. पुण्याच्या एका जाणत्यानें दुसरींतून जें थोडें खरवडून काढलें, त्यांत यंत्रानें लिहिलेलीं पत्रें निघालीं: एक तबकडी बंद पडली आहे, पाहावें. पहिल्या दिवशीं एक पत्र, आणि मग रोज एक स्मरणपत्र; अशीं एकशें ऐंशीच्या वर! तीं सारीं यंत्राच्याच आंतल्या, रूट नांवाच्या पेटींत पडलीं होतीं. ती पेटी उघडावयाची असते हें आम्हां कोणास ठाऊक नव्हतें, आणि विद्यार्थी तर शिक्षणासाठीं परगांवीं गेला होता. वह्या न तपासणाऱ्या मास्तराला मीं जन्मभर नांवें ठेविलीं!

२१२ ध्वनिमुद्रणांपैकीं ६१ मित्रांच्या फोनमध्यें सांपडलीं. सोनपेठकडील एका आजींचें त्यांत नव्हतें. त्या मार्गशीर्षांत वारल्या होत्या. त्यांचा मुलगा वर्षश्राद्धास आईचा आवाज मागावयास आला. मीं त्याला चहा पाजला आणि दुसरें बोललों.

त्यानंतर मी हें शिकलों. लिनक्समध्यें एमडीस्टॅट नांवाचें एक पान आहे. तें आमच्या हजेरीपटासारखें. दोन्ही तबकड्या हजर असल्या, तर कंसांत इंग्रजी 'यू' हें अक्षर दोनदां येतें. एक गैरहजर असली, तर तिच्या जागीं आडवी रेघ. एवढी खूण ओळखण्यास इंग्रजी चौथी पुरे. एमडीॲडम नांवाची आज्ञावली हा पट सतत पाहते व बिघाड होतांच पत्र लिहिते. फक्त तें पत्र जिवंत माणसाच्या पत्त्यावर गेलें पाहिजे. तिला लटकें पत्र पाठवावयासही सांगतां येतें. तें हातीं पडल्याखेरीज पहारा बसला असें मी समजत नाहीं.

शिवाय प्रत्येक तबकडी स्वतःची रोजनिशी ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. किती भाग निकामी होऊन बदलावे लागले, किती भाग वाचतांना अडले, हे आंकडे तींत असतात. पण तिच्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. गूगलच्या संशोधकांनीं २००७ मध्यें एक लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेलेल्यांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिकांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही दाखविलें नव्हतें. उलट, तपासणींत पहिला दोष आढळलेली तबकडी पुढील ६० दिवसांत मरण्याचा संभव निर्दोष तबकडीच्या ३९ पट होता. म्हणजे लक्षण दिसलें तर थांबूं नये, आणि दिसलें नाहीं म्हणून झोंपूं नये.

तिसरी गोष्ट ताडून पाहण्याची. पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. प्रती होत्या, पण त्यांत पाठभेद शिरले होते. त्या एकमेकींशीं ताडून पाहाव्या लागल्या. तबकड्यांचेंही तेंच. जो भाग वर्षानुवर्षें कोणी वाचीत नाहीं, तो नासला तरी कळत नाहीं. दुसरी तबकडी मेल्यावर नवी भरण्यासाठीं जेव्हां जुनी आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी लागते, नेमका तेव्हां तो उघडा पडतो. म्हणून डेबियन ह्या लिनक्सच्या प्रकारांत महिन्याच्या पहिल्या रविवारीं सर्व तबकड्या वाचून ताडण्याची वहिवाट पडली. येथें यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोनच प्रती असल्या व त्यांत भेद निघाला, तर खरी कोणती हें त्याला ठरवितां येत नाहीं. नाथांचा विवेक त्याच्यापाशीं नाहीं.

म्हणून तिसरी प्रत निराळ्या घरीं हवी. माझ्या हातून एखादी ओवी चुकून पुसली गेली, तर दोन्ही तबकड्या ती तत्काळ, मोठ्या आज्ञाधारकपणें पुसतात!

आम्हीं नवा सर्व्हर मांडला आहे. पत्रें आतां तिघांच्या फोनवर येतात, आणि तिसरी प्रत परभणीस माझ्या मुलीच्या कपाटांत असते. पहिल्या रविवारीं मी वाचनालयांत जाऊन पट पाहतों व एका वहींत लिहितों. गेल्या महिन्यांत दुसऱ्या तबकडीच्या रोजनिशींत अडलेले भाग ० होते, ते ८ झाले. दोन्ही 'यू' जागेवर होते. तरी नवी तबकडी मागविली आहे. ती परवांच्या एस.टी.नें येईल.