चित्रातील हवा

हिवाळ्यातील सकाळी सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावर उभे राहिले असता डोंगरांच्या रांगा एकीमागे एक दिसू लागतात. पहिली रांग गर्द, तिच्यावरील झाडन् झाड ओळखू येणारी, दुसरी काळसर निळी, तिसरी फिकट, आणि शेवटची तर आकाशातच विरून गेलेली. दगड तोच, झाडी तीच. बदलते ती मधल्या हवेची जाडी. दूरच्या वस्तूचे अंतर डोळा ताडतो, ते बऱ्याच अंशी या हवेवरून.

हे मर्म चित्रकारांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणांत दूरचे डोंगर निळे रंगवावेत असे लिहून ठेवले. त्याचे कारण पुढे १८७१ साली जॉन स्ट्रट, म्हणजेच नंतरचे लॉर्ड रॅले, यांनी उलगडले: हवेचे सूक्ष्म कण तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. धुके आणि धूळ यांचे कण मोठे असतात. ते सर्वच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून धुके निळे न दिसता पांढुरके दिसते.

अनेक छायाचित्रे जोडून एक चित्र घडविण्याची कला संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. जुन्या काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे. त्यावर उपाय म्हणून १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने काही सागरचित्रांत समुद्र एका काचेवरून, तर आकाश दुसरीवरून छापले. १८५७ साली रेलँडर याने तीसहून अधिक काचा जोडून एक भव्य चित्र सिद्ध केले. संगणकावर हेच काम पारदर्शक थरांनी होते. ‘फोटोशॉप’मध्ये थरांची ही सोय १९९४ साली आली.

साधन सुलभ झाले, तरी चित्र आपोआप खरे वाटत नाही. समजा, एका मुलाने आपल्या दिवंगत वडिलांचे छायाचित्र रायगडाच्या देखाव्यावर बसविले. गडावर जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली होती. कडा नीट कापल्या, आकार प्रमाणात ठेवला. तरीही वडील कागदावर चिकटविल्यासारखेच दिसतात. कारण एवढेच, की मागच्या डोंगरांतील काळा रंग आणि वडिलांच्या कोटाचा काळा रंग सारखाच गडद आहे. मध्ये हवाच नाही.

ती आणावयाची तर दूरच्या थरांतील काळा रंग प्रथम उजळावा, उठाव कमी करावा आणि क्षितिजाजवळच्या आकाशाची छटा त्यांत मिसळावी. येथे एक हिशेब ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. एक मैल हवा उठाव निम्म्यावर आणत असेल, तर दुसऱ्या मैलाअखेर तो पाव उरतो व तिसऱ्याअखेर दोन आणे. प्रत्येक रांग सारख्याच मापाने फिकी केली, तर डोळा फसत नाही. धुके दरीत दाट आणि शिखरावर विरळ असते, तेही पाळले पाहिजे. प्रतिमा नुसती अस्पष्ट केल्याने अंतर येत नाही. तो भिंगाचा दोष वाटतो, हवेचा गुण नव्हे. शेवटी प्रकाशाची दिशा सर्वांना एक असावी. सूर्य डावीकडे आणि वडिलांची सावलीही डावीकडे, असे होता कामा नये.

एवढे साधले म्हणजे वडील खरोखरच गडावर उभे आहेत असे वाटू लागते, आणि येथेच जबाबदारी सुरू होते. १८५८ साली हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचा जोडून एका मरणोन्मुख तरुणीचे चित्र केले, तेव्हा ते दुःख रचलेले आहे या जाणिवेने अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले होते. त्या अस्वस्थतेत तथ्य होते. छायाचित्रावर लोक साक्षीदारासारखा विश्वास ठेवतात. ज्या कौशल्याने एका घराला सांत्वन मिळते, त्याच कौशल्याने गर्दी नसलेल्या मैदानात गर्दी दाखविता येते.

म्हणून असे चित्र भिंतीवर टांगताना त्याखाली ते रचलेले आहे असे दोन शब्द लिहावेत. त्याने वडिलांचे गडावरचे उभे राहणे उणे होत नाही. मुलाची माया खरीच असते. आणि नातवंडांच्या हाती जाणारी आठवणही खरी राहते.