कपाटाला कुलूप नको

(चामटोलीला वाचनालय उभं करण्यासाठी बसलेल्या बैठकीत केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं चटईवर बसलेल्या माझ्या आयांनो,

मी गोदीत काम करतो. पाळी सुटल्यावर तसाच गाडीत चढलो, कुर्ल्याला गाडी बदलली, बदलापूरला उतरून इथवर आलो. अंगाला गंजाचा वास येत असेल तर सांभाळून घ्या. मी कविता लिहितो हे खरं, पण आज कविता म्हणणार नाही. आज हिशेबाचं बोलायचंय.

वर्गणी जमली, चांगलं झालं. आता तिच्यातून काचेचं कपाट घ्यायचं, त्यात बाबासाहेबांचे खंड लावायचे, वर हार घालायचा आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडं द्यायची, असं ठरत आलंय. माझा त्याला विरोध आहे. तेच सांगायला उभा राहिलोय.

अशी कपाटं मी लई पाहिलीत. १४ एप्रिलला उघडतात, ६ डिसेंबरला पुसली जातात. मधल्या दिवसांत आत वाळवीच तेवढी वाचत बसते. सरकारनं १९७९ पासून हे खंड छापायला घेतले ते काय काचेआड ठेवायला? १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी खुलं करायला ज्यानं हजारो माणसं नेली, त्याच्याच पुस्तकांना आपण कुलूप घालतो. तळ्यावर पहारा त्यांचा होता. ह्या कपाटावरचा पहारा आपला आहे, मित्रांनो. ह्याची लाज वाटायला पाहिजे.

लहानपणी मी एका वाचनालयाच्या दारात उभा राहिलो होतो. गाव सांगत नाही. आतल्या माणसानं आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग आडनाव विचारलं, मग अनामत रक्कम सांगितली. बापाची दोन दिवसांची मजुरी होती ती. मला कोणी हाकललं नाही. मी आपला आपणच मागं फिरलो. दारावर 'सार्वजनिक' अशी पाटी होती.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांचे वर्ग पाडलेत: अ, ब, क, ड. म्हणजे पुस्तकांच्या घरालाही चार वर्ण! पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, दार किती तास उघडं, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. दारातून किती पोरं मागं फिरली, हे कुणी मोजत नाही.

आता आपल्याच घरातला दाखला देतो. २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिच्या उद्देशांत काय लिहिलंय? वसतिगृहं काढणं, वाचनालयं काढणं, लोकांनी जमायची केंद्रं आणि अभ्यासाची मंडळं चालवणं. ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. मुंबईत सभेनं मोफत वाचनालय चालवलं, आणि त्याच्याच जोडीला हॉकी क्लब. होय, हॉकी! पुस्तक आणि हॉकीची काठी एकाच सभेच्या हातात. शंभर वर्षांपूर्वी ह्या माणसांना कळलं होतं की ज्याला पुस्तकाची भीती वाटते तो आधी खेळायला येतो, मग बसायला येतो, मग कधीतरी पान उलटतो. आणि आपण? कॅरम खेळणाऱ्या पोरांना 'इथं वाचनालय होणार, उठा' म्हणतो. मी म्हणतो, कॅरम राहू द्या. बाजूला पुस्तकं मांडा.

आता काय काय करायचं ते सांगतो.

पहिलं, दार रात्री उघडं पाहिजे. अकरा ते पाच उघडं राहणारं वाचनालय पेन्शनवाल्यांचं. आपला माणूस आठ-नऊला गाडीतून उतरतो. पोरांना खोलीत अभ्यासाला जागा नाही. परळला भीमरावांच्या घरी तरी कुठं होती? एका खोलीत अख्खं घर. पोर आधी झोपायचं आणि रात्री दोनला बाप उठवायचा, दिव्यावर वाचायला. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत बसून वाचायचं. तिथंच कृष्णराव केळूसकर गुरुजींनी त्या पोराला पाहिलं, जवळ केलं आणि १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर आपलं बुद्धचरित्र हातात दिलं. एक बाग, एक दिवा, एक विचारपूस करणारा माणूस, एवढ्यावर ते वाचनालय चाललं. म्हणून वर्गणीतला पहिला पैसा दिव्याला आणि चटयांना द्या.

दुसरं, मोठ्यानं वाचायचं. क्यूबा देशात हवाना शहरात १८६५ पासून विड्यांसारखेच सिगार वळणारे कामगार कारखान्यात वाचणारा माणूस ठेवायचे. हे हात चालवायचे, तो वर बसून वर्तमानपत्र वाचायचा, कादंबरी वाचायचा. त्याचा पगार मालक देत नव्हता, कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. अक्षर न येणारा माणूसही कादंबरीवर वाद घालायचा. आठवड्यातून एक रात्र आपणही हे करू. वाचणारी आठवी-नववीची पोरगी, ऐकणारी तिची आजी. आणि आजीला स्वतःलाच अक्षर शिकायचं असेल तर लाजायचं कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात मुरबाडच्या फांगण्याला २०१६ च्या ८ मार्चला आज्यांची शाळा सुरू झाली. नऊवारी नेसून, पाटी घेऊन म्हाताऱ्या शाळेत बसल्या.

तिसरं, कागदाचा वार. हे माझ्या घरातलं आहे. बापाच्या पायावर लोखंड पडलं. ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात आला, कागद पुढं केला, म्हणाला, 'औषधाचा आहे, अंगठा दे.' बापानं दिला. मी तिथंच होतो, पाचवीत. कागद इंग्रजीत होता. मी मॅट्रिक झालो तेव्हा पत्र्याच्या पेटीत त्याची नक्कल सापडली. सगळी भरपाई मिळाली, आता काही मागणं नाही, असं त्यात लिहिलं होतं. बापाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. फक्त अंगठ्याकडं बघत राहिला.

म्हणून सांगतो, दर रविवारी इथं टेबल मांडायचं. नोटीस आणा, सातबारा आणा, बँकेचा कागद आणा, ठेकेदाराचा आणा. मॅट्रिकवाले वाचून दाखवतील, कॉलेजवाले अर्ज लिहितील. वाचल्याशिवाय अंगठा नाही. हा वाचनालयाचाच कार्यक्रम आहे.

चौथं, पुराची वही. २०१९ च्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे, ह्याच चामटोलीजवळ पाण्यात अडकली. सुमारे १,०५० माणसं. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या, नौदल आलं, वर हेलिकॉप्टर फिरलं. फोटो सगळीकडं छापून आले. गावकऱ्यांनी मदत केली, एवढी एक ओळ आपल्या वाट्याला आली. ती ओळ कुणाची? पाणी पहिल्यांदा कुणी पाहिलं? चहा कुणाच्या चुलीवर झाला? ओले कपडे कुणी बदलायला दिले? आणि भुकेल्या माणसांनी हातात पेला घेताना जात विचारली का? विचारा. पोरांना वही द्या, घराघरात पाठवा. आजीनं सांगायचं, पोरानं लिहायचं, रात्री सगळ्यांसमोर वाचायचं, चुकलं तिथं आजीनं टोकायचं. जात्यावरच्या एक लाखावर ओव्या बायांच्या तोंडून उतरून घेतल्या गेल्यात, मग एका पुराची गोष्ट आपल्याला जड नाही. आपल्या वाचनालयातलं पहिलं पुस्तक हे असू द्या. विकत आणलेलं नको, चामटोलीनं लिहिलेलं.

तुम्ही म्हणाल, कुलूप नसेल तर पुस्तकं जातील. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं बांधून ठेवायचे. मद्रासच्या रंगनाथनांनी १९३१ ला ग्रंथालयाचा पहिला नियमच सांगितला की पुस्तकं वापरायला असतात. काही जातील. चार गेली तर चार घरांत पुस्तक शिरलं म्हणायचं.

तेव्हा काचेचं कपाट रद्द करा. फळ्या आणा, मी सुट्टीच्या दिवशी येऊन ठोकून देतो. दिवा, चटया, वह्या, एक टेबल घ्या, बाकीच्या पैशात पुस्तकं. किल्ली दाराला असू द्या, पण एकाकडं नको. पाच घरांत पाच किल्ल्या द्या, त्यातल्या तीन बायांकडं.

माझ्या बापाला आणलं असतं, पण तो चढावर चालत नाही. वाचनालय झालं की त्याला पहिल्या रात्री आणतो. तोवर तुमचं काय ते आजच ठरवा. हात वर करा.

जयभीम.