जुन्या जीपला एलईडी दिवे



2010 साली आलेल्या महिंद्रा थारचे, तसेच त्याआधीच्या अनेक जीपचे हेडलाइट सात इंची व गोल असून, त्यांत एच-फोर हा दोन तारांचा हॅलोजन बल्ब असतो. एक तार डिपरसाठी, म्हणजे खालच्या झोतासाठी, दुसरी अपरसाठी, म्हणजे लांबच्या झोतासाठी.

दिवे बदलताना एकच गोष्ट पाहावी:
प्रकाश किती आहे, याआधी तो कुठे पडतो.

जुन्याच दिव्यात एलईडी बल्ब बसवणे सर्वांत स्वस्त पडते.
परंतु डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते, जी नको तो प्रकाश अडवते. आणि रिफ्लेक्टर, म्हणजे मागचा अंतर्गोल आरसा, त्या तारेच्या जागेनुसारच घडवलेला असतो.
एलईडीचा प्रकाशबिंदू जरासा सरकला, तरी झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.
घाटातल्या वळणावर हे जिवावर बेतू शकते.

संपूर्ण एलईडी दिवा महाग असतो.
मात्र त्याची भिंग-रचना एलईडीसाठीच केलेली असल्याने, चांगल्या प्रतीच्या दिव्याचा डिपर वरच्या कडेला स्वच्छ कापल्यासारखा दिसतो.
म्हणून बदल करायचाच, तर हाच योग्य.

दिवे मंद वाटत असले, तरी पुष्कळदा दोष वायरिंगचाच असतो.
बॅटरीचा प्रवाह थेट दिव्याला देणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडल्यास हॅलोजनही उजळतो.

पुन्हा सांगायचे, तर प्रकाश कुठे पडतो, ते आधी पाहावे.

दिवे बसवल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीसमोर उभी करून डिपरची उंची अवश्य जुळवून घ्यावी.