पुस्तक पॅरिसला, पत्ता चेओंग्जूचा

कोरिया म्हटले की आपल्याला सोल आठवते, फार तर बुसान. घरातला टीव्ही, हातातला फोन, रस्त्यावरची मोटार यांच्यामुळे तो देश आपल्या ओळखीचा झाला खरा, पण तिथली जिल्ह्या-प्रांताची गावे आपल्याला ठाऊक नसतात. आज अशाच एका गावाबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव चेओंग्जू. सोलच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वसलेले हे शहर उत्तर चुंगचेओंग प्रांताची राजधानी आहे. वस्ती साडेआठ लाखांच्या आसपास. दक्षिण कोरियात समुद्राला कुठेच न टेकणारा एकच प्रांत आहे, तो हा.

आणि गंमत पाहा, समुद्र नसलेल्या प्रांतातल्या या शहराला जुने लोक नावेचे गाव म्हणत आले. गावाच्या मधून मुसिम नावाची छोटी नदी वाहते आणि उत्तरेला मिहो नदीला मिळते. मुसिम म्हणजे मन नसलेली, निर्विकार. एप्रिलमध्ये तिच्या काठावर चेरी फुलते आणि सारे गाव तिथे लोटते. पूर्वेच्या डोंगरावर सांगदांगचा किल्ला आहे. त्याचा तट चार किलोमीटरहून लांब असून १७१६ मध्ये तो दगडात नव्याने बांधायला घेतला गेला. लोकसमजूत अशी की हे गाव पाण्यात तरंगणाऱ्या नावेच्या आकाराचे आहे. नाव वाहून जाऊ नये म्हणून तिला डोलकाठी हवी.

ती डोलकाठी आजही भर बाजारात, दुकानांच्या गर्दीत उभी आहे. योंगदु नावाच्या बौद्ध मंदिरासमोर इ.स. ९६२ मध्ये उभारलेला तो लोखंडी ध्वजस्तंभ. लोखंडाची पोकळ नळकांडी एकावर एक रचून तो केला आहे. मुळात ती तीस होती, आता वीस उरली आहेत. उंची पावणेतेरा मीटर. मंदिर केव्हाच गेले, खांब राहिला. खालून तिसऱ्या नळकांड्यावर ओतीव अक्षरांत त्याची हकिकत आहे. रोगाच्या साथीत सापडलेल्या एका स्थानिक सरदाराने नवस बोलला. नवस फेडण्याआधीच तो गेला आणि त्याच्या भाऊबंदाने काम पुरे केले. धातूत अक्षर ओतण्याची विद्या या गावात किती जुनी आहे, हे त्या खांबाजवळ उभे राहिले की कळते.

परंतु या गावाचे नशीब असे, की त्याचे सर्वात मोलाचे कागद त्याच्याजवळ नाहीत. इ.स. ६८५ मध्ये सिल्ला राजवटीने या जागी आपली एक उपराजधानी केली. तिच्या परिसरातल्या चार खेड्यांची एक सरकारी नोंदवही १९३३ मध्ये सापडली, ती कुठे? जपानमध्ये, नारा शहरातल्या शोसोइन या प्राचीन कोठारात. एका धर्मग्रंथाच्या वेष्टनाला आतून रद्दी कागद लावला होता, तोच हा! घरे किती, माणसे किती, बैल-घोडे किती, तुतीची आणि अक्रोडाची झाडे किती, सारे त्यात मोजलेले आहे. आपल्या तलाठ्याचे दप्तर आठवावे अशी ती वही. दुसरा कागद याहून मोठा. तो पॅरिसला आहे आणि त्याचे नाव जिकजी.

जिकजी म्हणजे थेट बोट दाखवणे, म्हणजे मनाकडे. बेगुन नावाच्या वृद्ध भिक्खूने १३७२ मध्ये पूर्वसूरींची वचने निवडून हा ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडच्या 'ध्यान' शब्दाचे चीनमध्ये चान झाले, कोरियात सॉन आणि जपानमध्ये झेन. त्या परंपरेचा हा ग्रंथ. हा बेगुन चीनला गेला होता, तेव्हा मगध देशातून तिकडे गेलेल्या ध्यानभद्र या भिक्खूकडेही तो शिकला. म्हणजे आपला एक धागा त्यात आहेच. बेगुनच्या पश्चात सोक्चान आणि दाल्दाम या शिष्यांनी ग्रंथ छापायला घेतला. पैसा दिला म्योदोक नावाच्या एका भिक्खुणीने. १३७७ मध्ये चेओंग्जूच्या वेशीबाहेरच्या हुंगदोक मंदिरात तो धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापला गेला. गुटेनबर्गच्या बायबलच्या ७८ वर्षे आधी! धातूच्या खिळ्यांनी छापलेले, आज हाती असलेले जगातले सर्वात जुने पुस्तक म्हणून त्याला मान्यता आहे. पुस्तक दोन भागांचे. पहिला भाग नाहीसा झाला आहे. दुसऱ्याचेही पहिले पान गेले. ३८ पाने उरली आहेत.

ही पाने पॅरिसला कशी गेली? सोलमध्ये फ्रान्सचे राजदूत असलेले कोलँ द प्लांसी जुनी पुस्तके जमवीत. त्यांच्या संग्रहात हे आले. १९११ मध्ये पॅरिसच्या लिलावात आंरी व्हेव्हेर या जवाहिऱ्याने ते १८० फ्रँकना घेतले. त्याच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाले आणि तिथल्या कपाटात पडून राहिले.

त्या कपाटातून ते पुन्हा जगासमोर आणले एका कोरियन बाईंनी. पार्क ब्योंग-सॉन त्यांचे नाव. त्या तिथल्या ग्रंथालयात काम करीत. हे पुस्तक लाकडी ठशांचे नसून धातूच्या खिळ्यांचे आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. सांगतात, की घरी बटाट्यावर, मातीवर अक्षरे कोरून, ठसे उमटवून त्या पडताळा घेत. आणि पुरावा कशात मिळाला? दोषांत! ओळी वाकड्या, अक्षरे लहानमोठी, शाई कुठे गडद तर कुठे फिकी, एखादे अक्षर चक्क उलटे बसलेले. अखंड लाकडी फळीवर कोरताना अक्षर असे उलटे होत नाही. सुटा खिळा घाईत हातात आला तरच होते. माझ्या सुरुवातीच्या कविता तालुक्याच्या छापखान्यात ट्रेडलवर छापल्या गेल्या. जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावताना मी तासन् तास पाहिला आहे. म्हणून त्या उलट्या अक्षरामागचा साडेसहाशे वर्षांपूर्वीचा थकलेला हात मला ओळखीचा वाटतो. १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जिकजी मांडले गेले आणि जगाला ते कळले.

आता पुस्तकाच्या पुष्पिकेत वर्ष, महिना, मंदिराचे नाव, गावाचे नाव, सारे होते. म्हणजे पत्ता होता, पण घर सापडत नव्हते. हुंगदोक मंदिर नेमके कुठे, हे चेओंग्जूत कोणालाच ठाऊक नव्हते. १९८५ मध्ये गावाच्या कडेला नव्या वसाहतीसाठी जमीन सपाट करण्याचे काम चालू असताना जुन्या इमारतींचे अवशेष वर आले. त्यांत कांस्याच्या घंटेचा तुकडा निघाला आणि त्यावर मंदिराचे नाव कोरलेले! पॅरिसमधल्या कागदावरचे नाव चेओंग्जूच्या मातीतल्या धातूवर सापडले. त्याच जागी १९९२ मध्ये प्राचीन मुद्रणाचे संग्रहालय उभे राहिले. २००१ मध्ये युनेस्कोने जिकजीला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. २००४ मध्ये जिकजीच्या नावाने आंतरराष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाला.

त्या संग्रहालयात सर्व काही आहे, फक्त ते पुस्तक नाही. ते मागायचे कशाच्या आधारावर? १८६६ मध्ये फ्रेंच नौदलाने लुटून नेलेले राजदरबाराचे २९७ ग्रंथ २०११ मध्ये कोरियाला मिळाले, तेही मुदतीच्या कराराने. जिकजी तर लुटलेले नाही, विकत घेतलेले आहे. कागदोपत्री फ्रान्सची बाजू पक्की. पण ज्या वर्षांत ते बाहेर गेले, त्या वर्षांत तो देश आपले राज्यच गमावत होता, हे कोणत्या पावतीवर लिहायचे? उसने तरी द्या, अशी विनंती झाली. पण ते परत येईलच, याची कायद्याने हमी कोण देणार, इथे गाडी अडते. २०२३ मध्ये पॅरिसमध्येच ते पन्नास वर्षांनी लोकांना दाखवले गेले. चेओंग्जूकरांना आपले पुस्तक पाहायला विमानाचे तिकीट काढावे लागले.

मग या गावाने काय केले? रडत बसले नाही. कारागिरांनी जुनी रीत पुन्हा बसवली: मधमाशीच्या मेणात अक्षर कोरायचे, अशी अक्षरे मेणाच्या दांड्याला फांदीसारखी जोडायची, भोवती माती लिंपायची, भट्टीत मेण वितळवायचे आणि त्या पोकळीत कांस्य ओतायचे. २०११ ते २०१५ या काळात या रीतीने जिकजीचे खिळे पुन्हा ओतण्यात आले. पहिल्या भागाचा मजकूरही हाती होता, कारण १३७८ मध्ये तोच ग्रंथ लाकडी ठशांवर छापला गेला आणि त्या प्रती टिकल्या. १९४६ मध्ये सुरू झालेला इथला तंबाखूचा मोठा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, तर तोही पाडला नाही. तिथे हस्तकलांचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागले आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा आली. तिचे कोठारच लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. त्याच शहरात आज संगणकाच्या स्मृतीच्या चिपाही तयार होतात.

आम्हीच पहिले, ही बढाई मात्र इतिहासाला फारशी मानवत नाही. गुटेनबर्गच्या छपाईने युरोप ढवळून निघाला, तसे कोरियात झाले नाही. हजारो चिनी चिन्हांचे खिळे ओतणे अवघड, प्रती थोड्या, वाचणारे थोडे. तेव्हा जिकजीचे मोल शर्यतीतल्या क्रमांकात शोधू नये. पुष्पिकेत त्या भिक्खूंनी नोंदवले आहे, की हे पुस्तक वाटण्यासाठी छापले. विकण्यासाठी किंवा राजाच्या पेटीत ठेवण्यासाठी नव्हे. एका भिक्खुणीच्या दानातून, लोकांच्या हाती जावे म्हणून.

मला वाटते, या सगळ्या वादाचा निकाल त्या एका नोंदीत आहे. ते पुस्तक पॅरिसने जपले, त्याबद्दल पॅरिसचे आभार मानायला हवेत. पण वाटण्यासाठी छापलेले पुस्तक, ज्या गावाने ते जगाला वाटले, त्या गावाला एकदाही पाहायला मिळू नये, हे न्यायाचे नाही. मालकी कोणाची ते वकील ठरवोत. पाहुणी म्हणून का होईना, ती ३८ पाने एकदा मुसिमच्या काठी यावीत. त्यांच्यावर पत्ता तर स्वच्छ लिहिलेला आहे.